शितोळ्यांच्या गाडीवरचं शेवाळ

शनिवार, २० सप्टेंबर २०२५. ५.५० ला जाग. पाऊस नाही, ढग आहेत. ६.४० मेहबूब आले. शितोळ्यांच्या गाडीचं कव्हर पुन्हा काढलं. मेहबूब ९.०५ पर्यंत त्याच गाडीपाशी. व्हिनेगरची बाटली दिली. दुपारी गवार, भाकरी. डावा गुडघा ठीक. ४ वाजता समितीची नोटीस : उद्या ११ ला सभा, विषय गाड्या धुण्याची व्यवस्था. दिवे ७ ते ७.२५ गेले होते.

कल्याणीबाई उकिडव्यांची डायरी ही अशी. एकोणीसशे बासष्ट सालापासून एक दिवस चुकलेला नाही. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये त्या सातवीत असताना सिस्टर बर्नाडेटनी वर्गातल्या प्रत्येक मुलीला एकेक वही दिली होती आणि सांगितलं होतं, की डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं; ते का झालं हे ठरवणं आपलं काम नाही. बाकीच्या मुलींच्या वह्या दिवाळीपर्यंत टिकल्या. कल्याणीबाईंचं लिहिणं त्रेसष्ट वर्षं चालू राहिलं. नवरा त्याला पंचनामा म्हणायचा. तो गेला त्या दिवशीच्या पानावर 'पहाटे ४.२० ला गेले. चष्मा आणि घड्याळ परत मिळालं. हवा कोरडी' एवढंच आहे. ते पान वाचून त्यांची मुलगी नम्रता आठ दिवस आईशी बोलली नव्हती.

त्यामुळे त्या शनिवारी सकाळी सहकारनगरातल्या मृण्मयी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका माणसाचं काम आणि नाव दोन्ही जायची वेळ आली होती, हे नोंदीवरून कुणाला कळलं नसतं.

तो माणूस म्हणजे मेहबूब पिंजारी. वय अठ्ठावन्न. त्यांचे आजोबा भवानी पेठेत कापूस पिंजायचे. गाद्यांचं काम यंत्रांकडे गेलं तसे वडील मोटारींच्या सीट भरण्याकडे वळले, आणि मेहबूब सीटवरून रबराकडे. नाना पेठेतल्या एका दुकानात त्यांनी तीस वर्षं गाड्यांच्या दारांना आणि काचांना रबर बसवलं. अंगठ्यानं दाबून रबराचं वय सांगायचे. पुढे गाड्याच अशा यायला लागल्या की रबर खराब झालं तर कंपनी आख्खी पट्टी बदलून देई, आणि दुकानमालकाच्या मुलांनी दुकानात मोबाइलची कव्हरं लावली. मेहबूबना त्यांनी रीतसर हार घालून निरोप दिला. तेव्हापासून सहा वर्षं ते मृण्मयीतल्या सोळा गाड्या रोज सकाळी धूत होते. ज्या रबरावर हात बसला होता, त्याच्यावरची धूळ पुसायची. याबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त कुणी जेट पंपाचं पाणी थेट काचेच्या कडेवर मारलं की त्यांचा चेहरा आक्रसायचा.

कल्याणीबाईंची स्वतःची गाडी होती, चौदा वर्षांची, लहान. शहात्तराव्या वर्षीही दर गुरुवारी त्या ती घेऊन मार्केट यार्डात जायच्या. एका पावसाळ्यात गाडीला कुबट वास यायला लागला तेव्हा मेहबूबनी दाराच्या खालच्या कडेची दोन बारीक भोकं दाखवली, तारेनं त्यातला गाळ काढला, आणि दारातून कपभर काळं पाणी गळलं. आपल्या गाडीच्या दाराला भोकं असतात हे कल्याणीबाईंना तोवर माहीत नव्हतं. त्या दिवसापासून त्या त्यांना मेहबूबभाई म्हणू लागल्या. रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत उभ्या राहायच्या. खाली मेहबूब फाटकातून आले की हात वर करायचे, बाई कप वर करायच्या, आणि आत जाऊन वेळ लिहायच्या.

सोसायटीचे अध्यक्ष हिंमतराव शितोळे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, पण कार्यालय त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. जूनच्या पंधरा तारखेला ते मुलीकडे बंगळुरूला गेले, ते गणपती उरकल्यावर परत आले. जाताना आपल्या पांढऱ्या मोठ्या गाडीवर त्यांनी जाड कव्हर घातलं, दोरीनं आवळलं आणि मेहबूबना बजावलं, की मी येईपर्यंत कव्हरला हात लावायचा नाही. गाडीची जागा गुलमोहराखाली, जिथे जुलैत ऊन म्हणून पोचत नाही. तीन महिने ती गाडी ओल्या कव्हरात घुसमटली. गुरुवारी हिंमतरावांनी कव्हर काढलं तर चारही काचांच्या रबरावर हिरवं शेवाळ धरलेलं, आणि दारांच्या आतल्या रबरावर बुरशीचे काळे ठिपके, पावावर येतात तसे. वर्कशॉपवाल्यानं सांगितलं, सगळं रबर बदला. हिंमतरावांनी परत येऊन सांगितलं, माणूसच बदला.

माणूस बदलायची सोयही तयार होती. हिंमतरावांच्या मुलाच्या, दिग्विजयच्या मित्रानं ॲपवरून गाड्या धुणारी कंपनी काढली होती. हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

शनिवारी मेहबूब स्वतःहून म्हणाले, की रबर बदलू नका, मी काढून देतो. कल्याणीबाईंनी त्यांना स्वयंपाकघरातली पांढऱ्या व्हिनेगरची बाटली दिली आणि गॅलरीतून अडीच तास पाहत राहिल्या.

मेहबूबनी घाई केली नाही. आधी नुसत्या पाण्यानं रबर भिजवलं, कारण कोरडं शेवाळ खरवडलं की त्याची मुळं रबराच्या बारीक रेघांत तुटून राहतात. मग एक वाटी व्हिनेगर, तीन वाट्या कोमट पाणी. फडकं त्यात बुडवून रबरावर अंथरलं आणि दहा मिनिटं तसंच ठेवलं, तापलेल्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवतात तसं. त्यानंतर मऊ ब्रश, एकाच दिशेनं. काच जिथून खाली जाते त्या खाचेत ब्रश शिरत नाही. तिथे त्यांनी जळून गेलेल्या उदबत्तीची काडी घेतली, तिला चिंधी गुंडाळली आणि इंच इंच सरकवत नेली. चिंधी हिरवी झाली की नवी चिंधी. बुरशीच्या ठिपक्यांना साबणाचं पाणी, पुन्हा साधं पाणी, मग कोरडं फडकं, मग दारं उघडी टाकून वारा. शेवटी बोटावर दोन थेंब ग्लिसरीन घेऊन चारही दारांच्या रबरावरून असं बोट फिरवलं की कल्याणीबाईंना बाळाचं मालीश आठवलं. नऊ वाजता ते रबर काळंभोर दिसत होतं. एक चीर नव्हती.

हिंमतराव चप्पल घालून खाली आले. वाकून पाहिलं. नखानं दाबून पाहिलं.

"म्हणजे निघत होतं," ते म्हणाले. "मग तीन महिने काय मुहूर्त बघत होतास?"

"साहेब, कव्हरला हात लावू नको म्हणाला होतात."

"कव्हरला म्हणालो होतो. गाडीला नव्हतो म्हणालो."

मेहबूबनी चिंध्या गोळा केल्या. हिंमतरावांनी शेजारी उभ्या असलेल्या दोघांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं, की मुळात हा पावसाळ्यात येत होता की नाही हेच कुणाला माहीत नाही, आम्ही काय इथे नव्हतो.

हे वाक्य कल्याणीबाईंच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं. कुणालाच माहीत नाही असं कसं? त्यांना माहीत होतं. तारीखवार माहीत होतं.

रविवारी सर्वपित्री अमावास्या. घरोघरी पितरांच्या वाडीच्या खिरी शिजत असतानाही सभेला तेवीस जण आले, कारण विषय गाड्यांचा होता. पाण्याच्या टाकीच्या सभेला सात आले होते. हिंमतरावांनी प्रास्ताविक केलं. गाड्या धुणारा माणूस पावसाळ्यात नियमित येत नव्हता, त्यामुळे वाहनांचं नुकसान झालं, सबब आधुनिक व्यवस्था आणावी. मेहबूबना सभेला बोलावलं नव्हतं.

कल्याणीबाई उठल्या. सभेत त्या सहसा बोलत नसत. पिशवीतून त्यांनी डायरी काढली आणि सांगितलं, की मेहबूब येत होते. पावसात, रेनकोट घालून येत होते. माझ्याकडे लिहिलेलं आहे. त्यांनी जुलैची तीन पानं वाचून दाखवली. सहा चाळीस, सहा पन्नास, सहा पस्तीस. जगदाळ्यांच्या गाडीच्या वायपरमध्ये अडकलेली पानं काढली, तेही होतं. हिंमतरावांनी पुढ्यातले कागद सरळ केले. खरं सांगायचं तर त्या क्षणी कल्याणीबाईंना बरं वाटलं. त्रेसष्ट वर्षांत ती वही कुणी ऐकून घेतली नव्हती.

समितीचा खजिनदार तेजस, खराडीत कुठल्याशा कंपनीत कामाला, वयानं त्यांच्या नातवाएवढा. तो पुढे आला आणि फार आदरानं बोलला.

"आजी, हे तर सॉलिड रेकॉर्ड आहे. मी पानांचे फोटो काढू का? म्हणजे आर्ग्युमेंटच राहणार नाही."

कल्याणीबाईंनी पंधरा जूनपासून पुढची सगळी पानं उलटून उलटून त्याच्यासमोर धरली. एका पानावर सावली पडली, तर पुन्हा काढ म्हणाल्या.

सोमवारी घटस्थापना. देव्हाऱ्यात घट बसवून त्या टेकल्या आणि फोन हातात घेतला. सोसायटीच्या ग्रुपवर तेजसनं एक तक्ता टाकला होता. दिवस अठ्ठ्याण्णव. हजर एकोणऐंशी. गैरहजर एकोणीस. सातनंतर आला, एकतीस. हजेरी ऐंशी पॉइंट सहा टक्के. गैरहजेरीचे चौकोन लाल, उशिराचे पिवळे. खाली लिहिलं होतं : स्रोत, श्रीमती उकिडवे यांची दैनंदिनी. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. कुणीतरी लिहिलं होतं, 'एकोणीस दांड्या? ऑफिसात असं केलं तर घरी बसवतील.' जगदाळ्यांनी लिहिलं होतं, 'उकिडवे काकूंचे आभार.'

त्यांनी तेजसला फोन लावला. तो गोंधळला.

"आजी, मी माझ्या मनाचं काहीच नाही टाकलेलं. तुम्ही लिहिलंय तेच मोजलं."

ते खरं होतं. कल्याणीबाईंनी डायरी उघडली आणि एकोणीस तारखा एकेक करून पाहिल्या. दोन दिवस सणाचे होते. चार दिवस असा पाऊस होता की गाडी धुणाऱ्याला लोक वेडा म्हणाले असते. ऑगस्टमधले ओळीनं आठ दिवस मेहबूबना चिकनगुनिया झाला होता. नवव्या दिवशी आले तेव्हा बोटं मिटत नव्हती, म्हणून बादली दोन्ही मनगटांत अडकवून नेत होते. राहिले पाच. त्या पाच तारखांच्या नोंदी वाचताना बाईंना चष्मा पुसावा लागला.

'मेहबूब आले नाहीत. ८.१५ ला दवाखान्यात. डावा डोळा झाला. १.४० ला घरी.'

नोंद अचूक होती. सहा चाळीसला मेहबूब पार्किंगमध्ये नव्हते. ते आठ वाजता आले होते, धुतलेला शर्ट घालून, कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी कल्याणीबाईंना त्यांच्याच गाडीतून स्वारगेटजवळच्या दवाखान्यात न्यायचं होतं. नम्रता नागपूरला, तिला रजा नव्हती. दोन डोळ्यांच्या मिळून पाच खेपा झाल्या. दर वेळी मेहबूब बाहेरच्या बाकावर चार-चार तास बसले, दर वेळी दवाखान्याचा जिना चढताना पायऱ्या मोजून सांगितल्या. गाडीत कोण होतं हे डायरीत नव्हतं. का आले नाहीत हेही नव्हतं. ते लिहायची सवयच नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी समितीची बैठक होती, फक्त पाच जणांची. बोलावणं नसताना कल्याणीबाई गेल्या. उभ्यानंच सगळं सांगितलं : आजार, पाऊस, सण. शितोळ्यांनी कव्हरला हात लावू नको म्हणून जूनमध्ये बजावलं, ते आपण गॅलरीतून ऐकल्याचंही सांगितलं. हिंमतरावांनी ऐकून घेतलं.

"हे तुमच्या डायरीत आहे का, वहिनी?"

"नाही. ऐकलेलं मी लिहीत नाही."

"मग राहू दे. डायरीत आहे तेवढं धरू या. तुमच्या डायरीवर आमचा पूर्ण विश्वास आहे."

तेजस मान खाली घालून लॅपटॉपकडे पाहत होता. कल्याणीबाईंना वाटलं आता शेवटचं सांगूनच टाकावं, निदान हे तरी मोजतील. त्या म्हणाल्या, की एकोणीसातले पाच दिवस माझे आहेत. त्या दिवशी मेहबूबभाई माझ्यासाठी आले होते. मला दिसत नव्हतं, त्यांनी मला दवाखान्यात नेलं.

हिंमतराव मागे रेलले. चेहऱ्यावर समाधान उमटू नये याची त्यांनी काळजी घेतली, पण ती पुरली नाही.

"म्हणजे सोळा गाड्या सोडून तो तुमची ड्रायव्हरकी करत होता. हे आम्हाला माहीत नव्हतं. सांगितलंत ते बरं झालं, नाहीतर आजारपण म्हणून सोडून दिलं असतं."

सभावृत्तात ते जसंच्या तसं आलं : संबंधित इसम सोसायटीच्या वेळेत खाजगी कामे करीत असल्याचे श्रीमती उकिडवे यांनी स्वतः निदर्शनास आणून दिले. एक ऑक्टोबरपासून नवी व्यवस्था. जुनी आजपासून बंद.

कल्याणीबाई जिन्याच्या कठड्याला धरून वर आल्या. आपण गप्प राहिलो असतो तर काय झालं असतं, असा विचार त्यांनी त्या रात्री केला. रविवारी वही घरी ठेवली असती, तर शितोळ्यांच्या हातात नुसती शंका राहिली असती, आणि शंकेवर तेवीस माणसं दोन-तीन महिने वाद घालत बसली असती. पुरावा त्यांनी आणून दिला. सावलीचं पान पुन्हा काढायला लावलं.

बुधवारी दहा वाजता बेल वाजली. सहा वर्षांत मेहबूब पहिल्यांदाच दारापर्यंत आले होते. हातात बादली, बादलीत घडी केलेली फडकी. आत या म्हटलं तर चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. चहा नको म्हणाले. घरी शहजादी, म्हणजे त्यांची बायको, वाट पाहतेय म्हणाले. व्हिनेगरची बाटली पुढे केली. पाव बाटली उरली होती, बाहेरून पुसलेली.

शेजारच्या पोरानं फोनवर तक्ता दाखवला, असं त्यांनी सांगितलं. लाल-पिवळे चौकोन. हे कसले म्हणून विचारलं, तर त्यानं खालचं नाव वाचून दाखवलं. कल्याणीबाईंनी सांगायला सुरुवात केली, की मी तुमच्या बाजूनं, तुमच्यासाठीच, सभेत... मेहबूबनी मध्येच थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं, आणि मग जे विचारायला आले होते ते विचारलं.

"मॅडम, तुम्ही रोज लिहीत होतात? सहा वर्षं? मी किती वाजता आलो ते?"

"मी सगळंच लिहिते, मेहबूबभाई. दूध कधी आलं, पाऊस किती पडला, दिवे कधी गेले."

"दूध, पाऊस, दिवे," मेहबूब म्हणाले. त्यांनी बादलीतली फडकी सारखी केली. "मी खालून हात करायचो. मला वाटायचं, मॅडम आपल्यासाठी उभ्या राहतात. शहजादीला सांगितलं होतं मी, की त्या सोसायटीत एक बाई आहेत, रोज सकाळी माझी वाट बघतात."

कल्याणीबाईंना म्हणायचं होतं की तेही खरं होतं. वाट बघत होते. ज्या दिवशी तुम्ही आला नाहीत त्या दिवशी चहा गार होईपर्यंत उभी राहिले. पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं, आणि आता दारात उभं राहून बोललं तर ते बनवून सांगितल्यासारखं वाटलं असतं. हातातली बाटली त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

जाताना मेहबूब दोन पायऱ्या उतरून थांबले. मागे न पाहता म्हणाले, की तुमच्या गाडीच्या डाव्या दाराचं रबर या पावसात थोडं कडक झालंय. नवीन लोक चमक यावी म्हणून त्याला पेट्रोल लावतील, लावू देऊ नका. फुगतं आणि मग काच अडकते. एवढं बोलून ते गेले. बादलीची कडी जिन्याच्या कठड्यावर दोनदा आपटली.

दुपारी कल्याणीबाई डायरी घेऊन बसल्या. दवाखान्याची ती पाच पानं त्यांनी कागदाचे तुकडे घालून वेगळी केली. पहिलं पान उघडलं आणि 'मेहबूब आले नाहीत'च्या पुढे पेनाचं टोक टेकवलं. ओळीत तीन-चार शब्दांपुरती जागा होती. माझ्यासाठी आले होते, एवढं सहज मावलं असतं. पण शाई ताजी दिसली असती, आणि आता ते वाचणार कोण, हाही प्रश्न होता. तक्त्यात ते जाणार नव्हतं. शिवाय नंतर भरलेली नोंद ही नोंद नसते, हे त्यांनीच एकदा नम्रताला ऐकवलं होतं. टोक टेकलं होतं तिथे एक निळा ठिपका उमटला. त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागदाचे तुकडे काढले, आणि त्या दिवसाचं पान उघडून बराच वेळ तसंच ठेवलं.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं : 'बुधवार, २४ सप्टेंबर. गॅस ५.१५ ला संपला. दुसरा सिलिंडर लावला. आधीचा एकेचाळीस दिवस पुरला.'